छापा, काटा आणि गलबत

गल्लीतल्या मॅचचा टॉस. दोन रुपयांचं नाणं अंगठ्याच्या नखावरून उडालं, ‘काटा!’ अशी आरोळी झाली, नाणं डांबरावर टणटणलं, थोडं गरगरलं आणि एका स्कूटरच्या चाकाशी जाऊन आडवं झालं. दोन्ही कप्तान त्याच्यावर ओणवे. तेवढ्यात अंपायर म्हणून उभं केलेलं सहा-सात वर्षांचं पोरगं म्हणालं, ‘पण यात काटा कुठंय?’ ‘आकडा दिसतोय ना? म्हणजे काटा. चल, बॅटिंग आमची.’ विषय संपला. पोराची शंका मात्र रास्त होती आणि ती डोक्यातून जाईना. आज आपल्या खिशात असणाऱ्या एकाही नाण्यावर काटा नाही. तराजूचा नाही, घड्याळाचा नाही, बाभळीचा तर नाहीच नाही. चित्राशिवायचा शब्द पिढ्यान्‌पिढ्या हवेत उडतोय आणि कुणाचंही काही अडत नाही.

रोममध्ये अगदी असंच झालं होतं. इसवी सनाच्या पाचव्या शतकात माक्रोबियस नावाचा पंडित जाता जाता लिहून गेला आहे, की पोरं नाणी उंच उडवतात आणि ‘कापिता आउत नाविया’ असं ओरडतात. डोकी की गलबतं. हा खेळच जुन्या काळाची साक्ष आहे, असंही तो म्हणतो. आणि त्यानं हे लिहिलं तेव्हा नाण्याच्या मागच्या बाजूवर नेमानं गलबत येणं बंद होऊन पाचशे वर्षं उलटली होती.

ते मूळचं गलबत बघण्यासारखं आहे. अख्खं नाही, फक्त नाळ, म्हणजे पाणी कापत जाणारं पुढचं टोक आणि त्याला लावलेला धडक मारायचा सुळा. इ.स.पू. २२५ च्या सुमाराला रोमनं ‘आस’ हे कांशाचं नाणं काढलं, त्याच्या एका बाजूला जानुस आणि दुसऱ्या बाजूला ही नाळ. जानुस हा दाराचा देव, दोन तोंडांचा, एक आत बघणारं आणि एक बाहेर. आपल्या जानेवारीत तोच बसलेला आहे. हे पहिलं नाणं ठोकून पाडलेलं नव्हतं, साच्यात ओतलेलं होतं, आणि वजन सुमारे २७० ग्रॅम. पावशेराहून जड. असलं नाणं कुणी टॉसला उडवत नाही. उडवलंच तर झेलणाऱ्याची बोटं जायची. पुढं कार्थेजच्या हॅनिबलशी झालेल्या युद्धात तिजोरी आटली, तसं वजन पटापट उतरलं. इ.स.पू. २११ च्या आसपास ५४-५५ ग्रॅम, मग २७, आणि इ.स.पू. ९१-९० च्या कायद्यानं १३ च्या घरात. उडवण्याजोगं झालं ते नंतरचं. म्हणजे हा खेळ जन्मला तो महागाईच्या पोटी, असं म्हणायला हरकत नाही.

आस आणि त्याची चिल्लर, या मालिकेत मला सगळ्यात आवडतात ते ठिपके. आसचे बारा भाग, एका भागाला उन्सिया. एक उन्सियाच्या नाण्यावर एक ठिपका, दोनवर दोन, तीनवर तीन, चारवर चार. अर्ध्या आसवर ‘एस’ हे अक्षर. देवही ठरलेले: अर्ध्यावर सॅटर्न, चार ठिपक्यांवर मिनर्वा, तीनवर कातडं पांघरलेला हर्क्युलिस, दोनवर मर्क्युरी. मागं मात्र सगळ्यांच्या तीच नाळ. वाचता न येणाऱ्या माणसानं, अंधारात, पिशवीत हात घालून सुटे मोजावेत अशी ही सोय. ठिपके चांगले टपोरे आहेत, अंगठ्याला लागतात. आपल्याकडे एक आणि दोन रुपयांच्या नाण्यांत गोंधळ होऊन भांडणं व्हायची, तेव्हा कुणाला तरी हे ठिपके आठवायला हवे होते.

कवी ओविडनं तर थेट जानुसलाच विचारलं आहे की बाबा रे, कांशाच्या नाण्यावर एकीकडे तुझं दुतोंडी डोकं आणि दुसरीकडे जहाज, ते का? देव सांगतो ते असं: माझा चेहरा तुला त्या नाण्यावर ओळखता आला असता, पण इतक्या दिवसांत तो झिजून गेला आहे.

दोन हजार वर्षांपूर्वीच ते नाणं जुनं आणि गुळगुळीत झालं होतं.

पहिल्या रोमन सम्राटानं, ऑगस्टसनं, इ.स.पू. २३ च्या सुमारास नाण्यांची सगळी घडी नव्यानं बसवली आणि गलबत उतरलं. आता मोठी नाणी पितळेची: सेस्टर्टियस साधारण २५ ग्रॅमचं, दुपोंदियस साडेबारा ग्रॅमचं. आस मात्र निव्वळ तांब्याचा, अकराच्या आसपास, आणि चार मिळून एक आस होणारा क्वाद्रान्सही तांब्याचा, तीन ग्रॅमचा. लोक सरसकट ‘रोमन ब्राँझ’ म्हणतात, पण तांबट आळीतल्या माणसाला ती नाणी नवी असताना दाखवली असती तर त्यानं हसून बाजूला काढली असती: हे पितळ, हे तांबं, कांसं यात कुठंय? पिवळं नाणं महाग, लाल स्वस्त, इतका सरळ हिशोब होता. पितळ करायची रीतही मोठी गमतीची. जस्त आच लागली की वाफ होऊन उडून जातं, म्हणून तांब्याचे तुकडे, जस्ताची माती आणि कोळसा मुशीत बंद करून तापवायचे. वाफ बाहेर न जाता तांब्यात मुरते. अडचण नंतरची. तेच पितळ पुन्हा वितळवून पुन्हा नाणी पाडली की दर खेपेला थोडं जस्त उडतं. त्यामुळे पहिल्या शतकातलं सेस्टर्टियस सोन्यासारखं पिवळं आणि दुसऱ्या शतकाच्या शेवटाकडचं तांबूस, मळकट. राजा बदलल्याचं कळायला डोकं बघावं लागतं, पण राज्य थकल्याचं धातूच्या रंगावरून कळतं.

ऑगस्टसच्या या नाण्यांवर एका बाजूला चित्रच नाही. मधोमध भलीमोठी दोन अक्षरं, ‘एस सी’: सेनातूस कोन्सुल्तो, सेनेटच्या ठरावानं. भोवती टांकसाळीच्या अधिकाऱ्याचं नाव. आपल्या शिवराईशी याचं नातं लागतं. ‘श्री राजा शिव’ आणि मागं ‘छत्रपति’, बस्स. दोन्हीकडे छापाच. फरक एवढाच की शिवराईचा ठसा मोठा आणि खालची तांब्याची चकती लहान, त्यामुळे बऱ्याच शिवरायांवर ‘राजा’चा ‘रा’ असतो आणि ‘जा’ गेलेला असतो. रोमन कारागीर चकती ठशाहून थोडी मोठी ठेवायचा, कडेला मण्यांची रांग दिसली पाहिजे हा त्याचा हट्ट.

आणि मग इ.स. ४१ मध्ये सम्राट क्लॉडियसच्या पहिल्याच वर्षी, सगळ्यात हलक्या क्वाद्रान्सवर काटा येतो. खरोखरचा काटा.

नाणं १७-१८ मिलिमीटरचं, आपल्या जुन्या ॲल्युमिनियमच्या दहा पैशांएवढंही नाही. एका बाजूला भोवतीनं क्लॉडियसचं नाव, पण त्याचं डोकं नाही; वरून एक हात आलेला आहे आणि त्या हातात तराजू लोंबतोय. दांडी आडवी, दोन पारडी समतोल, आणि मधल्या जागेत तीन अक्षरं: ‘पी एन आर’. नाण्याचं वजन पूर्ववत केलं, अशा अर्थाची ती संक्षिप्त रूपं असावीत असा एक तर्क आहे. दुसऱ्या बाजूला पुन्हा मोठं ‘एस सी’. म्हणजे एकीकडे छापा, एकीकडे काटा. मराठी टॉससाठी याहून योग्य नाणं जगात पडलेलं नसावं, आणि ते पडलं रोममध्ये. या क्वाद्रान्सची ऐपत ती काय? सार्वजनिक न्हाणीघरात एकदा अंघोळ. हलक्या नाण्यावर सम्राट सहसा आपला चेहरा देत नसत, त्यामुळे तिथं ठसा कोरणाऱ्याला मोकळीक मिळायची. क्लॉडियसच्याच दुसऱ्या क्वाद्रान्सवर तीन पायांचं धान्य मोजायचं माप आहे. त्याच्या आधीच्या कालिगुलाच्या क्वाद्रान्सवर गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाची टोपी, आणि मागं ‘आर सी सी’, म्हणजे विक्रीवरचा अर्धा टक्का कर माफ. पुढं डोमिशियननं तर गेंडा काढला. शिंगं खाली करून निघालेला गेंडा, तीन ग्रॅमच्या तांब्यावर!

मोठ्या नाण्यांवर अशी मोकळीक नाही. तिथं बाया उभ्या असतात. नवख्या माणसाला त्या सगळ्या सारख्याच दिसतात: लांब झगा, उभी, मान डावीकडे. त्या ओळखायची युक्ती आपल्याला शिकवायला नको. केशव, नारायण, माधव ही विष्णूची चोवीस रूपं आपण शंख-चक्र-गदा-पद्म कुठल्या हातात आहे त्यावरून वेगळी काढतोच ना? तसंच. नाण्याचा उजवा अर्धा भाग अंगठ्यानं झाकायचा, कारण तिथं बहुतेकींच्या कुशीत फळाफुलांनी भरलेलं शिंगच असतं. डावीकडे काय आहे ते बघायचं. सुकाणू असेल तर फोर्तुना, दैव. दोन सापांनी वेढलेली काठी असेल तर फेलिसिटास, भरभराट. उथळ तबक असेल तर बहुधा कोन्कोर्डिया, एकोपा. धान्याच्या मापावर धरलेल्या ओंब्या असतील तर अन्नोना, शहराचा धान्यपुरवठा. नावात ‘अन्न’ दिसतं म्हणून फसू नये, तो शब्द लॅटिनमधल्या ‘वर्षा’वरून आला आहे. तिच्या शेजारी कधीकधी जहाजाचं टोक डोकावतं, कारण रोमचं पोट इजिप्त आणि आफ्रिकेच्या गव्हावर चालायचं. आणि हातात तराजू असेल तर? इथं युक्ती संपते. ती एक्विटास, न्याय्य व्यवहार, असू शकते किंवा मोनेटा, टांकसाळीची देवी, असू शकते. दोघींकडे तोच काटा, तेच शिंग. भोवतीची अक्षरं वाचावीच लागतात, आणि ती झिजली असली तर गप्प बसावं. रोमची टांकसाळ कॅपिटोल टेकडीवर जुनो मोनेटाच्या देवळाजवळ होती. इंग्रजीतला ‘मनी’ त्या बाईच्या नावावरून आला.

पण खरं सांगायचं तर या उभ्या देवता पाचपन्नास बघितल्या की कंटाळा येतो. सरकारी पत्रकाचा येतो तसा. सम्राट म्हणतो भरभराट आहे, एकोपा आहे, धान्य आहे. आणि ज्या वर्षी फारच ठणकावून म्हणतो त्या वर्षी बहुधा यांतलं काहीतरी नसतं. म्हणूनच सम्राट नेर्वाचं इ.स. ९७ चं एक सेस्टर्टियस समोर आलं की नजर हलत नाही. त्यावर देवी नाही, सम्राट नाही, माणूसच नाही. दोन खेचरं आहेत. एक इकडे तोंड करून चरतंय, एक तिकडे. त्यांच्या मागं गाडी उलंडून ठेवलेली, दांड्या आभाळाकडे. भोवती लिहिलंय: इटलीची वाहतुकीची वेठ माफ. सरकारी टपाल आणि अधिकारी यांच्यासाठी वाटेवरच्या गावांनी जनावरं आणि गाड्या पुरवायच्या, हा जुना जाच. वेठबिगार हा शब्द ज्या मुलखात होता तिथल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. जू काढलेल्या जनावराची मान कशी सैल होते, ते ज्यानं कोरलं त्यानं कधीतरी जवळून बघितलेलं होतं. हेड्रियनच्या काळात ९० कोटी सेस्टर्टियसची सरकारी थकबाकी माफ झाली तेव्हाही नाणं निघालं. त्यावर शिपाई मशालीनं कर्जखतांचा ढीग पेटवतोय. तेही चांगलंच आहे. पण खेचरांची सर नाही.

कोरणाऱ्याचं काम उलटं. ठशात सगळं खोलगट आणि आरशातल्यासारखं, अक्षरं उजवीकडून डावीकडे. नाण्यावर जे सगळ्यात उंच दिसायचं, ते ठशात सगळ्यात खोल. सम्राटाच्या डोक्याचा ठसा खाली ऐरणीत घट्ट बसवलेला. वर चकती, तिच्यावर मागच्या बाजूचा ठसा असलेला ठोकळा, आणि त्याच्यावर घण. घणाचा मार थेट वरच्याला बसतो, म्हणून तो आधी तडकतो. एका डोक्याच्या ठशासोबत मागचे दोन-तीन ठसे खपलेले दिसतात, ते यामुळे. अभ्यासक या जोड्या जुळवत जातात आणि कुठलं नाणं आधी, कुठलं नंतर, याची साखळी लावतात. कधी पाडलेलं नाणं वरच्या ठशालाच चिकटून बसतं आणि कामगाराच्या ते लक्षात येत नाही. मग पुढच्या चकतीच्या दोन्ही बाजूंना डोकंच उमटतं, एकीकडे उठावदार आणि दुसरीकडे खोलगट, उलटं. असल्या नाण्यानं टॉस केला तर मात्र भांडण नक्की.

आणखी एक गोष्ट बाजारात माणसाला फसवते. सम्राटाचं डोकं खोल कोरलेलं असतं, ते भरायला धातू खूप लागतो. घाव थोडा कमी पडला की धातू तिकडे धावतो आणि मागच्या बाजूचा मध्य उपाशी राहतो. देवीचं पोट सपाट, चेहरा पुसट. बघणारा म्हणतो, झिजलंय. तसं असेलच असं नाही. कडेची अक्षरं बघायची. ती धारदार असून पोट सपाट असेल तर घाव कमी पडलाय, नाणं फिरलेलं नाही. अक्षरंही लोण्यासारखी मऊ असतील तर झीज. आणि पोटही मऊ, अक्षरंही मऊ, पण चेहऱ्यावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे आणि कडेला जोडाची रेघ असेल तर ते नाणं ओतीव नक्कल आहे, खिशातले पैसे खिशातच ठेवावेत.

पितळ आणि तांब्याचा भेद जमिनीत गाडल्यावर संपतो. दोन हजार वर्षांनी दोन्ही हिरवी, दोन्ही काळपट. साडेबारा ग्रॅमचं दुपोंदियस आणि अकरा ग्रॅमचा आस हाताला सारखेच. नीरोच्या काळापासून दुपोंदियसवरच्या सम्राटाला किरणांचा मुकुट द्यायची पद्धत पडली, म्हणून आज ओळखता येतात. राण्यांच्या नाण्यांना ती सोय नाही. तिथं जाणकारही ‘दुपोंदियस किंवा आस’ असं लिहून मोकळे होतात. एखादा ओरखडा असला आणि त्यातून पिवळा धातू चमकला तरच उलगडा.

ओरखडा मुद्दाम काढू नये, हे आलंच. देवघरातली भांडी घासायचा हात या नाण्यांवर कधीही चालवू नये. चिंच, लिंबू, राख यांनी नाणं लख्ख होतं, आणि त्या हिरव्या थरासोबत चेहऱ्याचे बारकावेही निघून जातात, कारण बऱ्याचदा कोरीव रेघा त्या थरातच उरलेल्या असतात. रीत कंटाळवाणी आहे: शुद्ध पाण्यात नाणं बुडवून ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, आठवडे जाऊ द्यायचे. मऊ झालेली माती भिंगाखाली काढायची, आणि त्यासाठी सुईपेक्षा गुलाबाचा किंवा बाभळीचा काटा बरा, तो धातूवर चरा पाडत नाही. घट्ट गुळगुळीत थर लागला की थांबायचं. फिकट हिरवी भुकटी दिसली आणि ती पुसूनही परत येत असेल तर तो रोग: आतल्या क्लोराइडला दमट हवा लागली की तो नाणं पोखरतो. सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या ५ टक्के द्रावणात ठेवणं, मग शुद्ध पाणी, मग पूर्ण सुकवणं, आणि सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवणं. हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली हवी. कोकणातल्या जुलैत हे उघड्या कपाटात होणार नाही.

तिसऱ्या शतकात चांदीच्या नाण्यांचंच कांसं झालं. सम्राट गॅलियेनसच्या काळात ‘चांदीचं’ नाणं म्हणजे तांब्यावर चांदीचा मुलामा. चार हातांतून गेलं की मुलामा जायचा. पितळ उघडं पडणं आपण म्हणतो, ते इथं जवळजवळ शब्दशः. त्याच नाण्यांवर मात्र हरणं, काळवीट, सेंटॉर (अर्धा माणूस, अर्धा घोडा), ग्रिफिन (गरुडाच्या तोंडाचा सिंह) असं अख्खं प्राणिसंग्रहालय अवतरलं. प्रत्येक प्राणी एकेका देवाचा, आणि त्या देवांना साकडं, की सम्राटाला सांभाळा. धातू जितका हलका, मागणी तितकी मोठी.

आपल्या किनाऱ्याला ही तांब्या-पितळेची नाणी सुरुवातीला फारशी येत नव्हती, त्यालाही कारण धातूच. सोनं-चांदी कुठंही वजनावर चालतं; कल्याण, तेर, पैठण यांची नावं ग्रीक खलाशाच्या टिपणात आहेत आणि भडोचला रोमन सोन्या-चांदीच्या नाण्यांवर नफा सुटतो अशी नोंदही. पण सेस्टर्टियसची किंमत सेनेटच्या त्या दोन अक्षरांत होती, आणि ‘एस सी’ला पैठणच्या बाजारात कोण विचारतो? चौथ्या-पाचव्या शतकातली बारकी कांशाची नाणी मात्र तमिळनाडूत आणि श्रीलंकेत ढिगानं सापडतात, तिथं त्यांच्या नकलाही पडल्या. आणि तेरला, तेलंगणातल्या कोंडापूरला, रोमन नाण्यांचा छाप घेतलेली मातीची लोलकं मिळाली आहेत. किंमत शून्य. कुणाला तरी ते गोरं डोकं आवडलं, त्यानं ते मातीत उतरवलं आणि गळ्यात घातलं.

माक्रोबियसच्या काळातलं कांशाचं नाणं त्याच बारक्यांपैकी. ग्रॅम-सव्वा ग्रॅम वजन, करंगळीच्या नखापेक्षा थोडंच मोठं. एका बाजूला सम्राटाचं डोकं, तेही चकतीबाहेर अर्धं गेलेलं. दुसऱ्या बाजूला पंखांची विजयदेवी एका कैद्याला ओढत नेतेय, आणि बऱ्याचदा चकती संपल्यामुळे कैदी दिसतच नाही. असलं नाणं उडवलं तर खाली पडल्याचा आवाजही नीट येत नाही. फरशीच्या फटीत गेलं तर शोधत बसा. रोमच्या कुठल्याशा गल्लीत पोरं त्याच्यावर ओणवी झाली असतील. डोकं दिसत नाही ना? मग गलबत.